भुवयांची आतली टोकं

आरशासमोर उभे राहा आणि एवढं करून बघा. दोन्ही भुवया वर न्यायच्या, पण अख्ख्या नाहीत; फक्त नाकाकडची, आतली टोकं. बाहेरची टोकं जागची हलता कामा नयेत. बहुतेकांना हे जमत नाही. एक तर पूर्ण भुवई वर चढते आणि चेहरा चकित झाल्यासारखा दिसतो, नाही तर दोन्ही भुवया एकमेकींकडे सरकतात आणि तुम्ही कुणावर तरी वैतागल्यासारखे दिसता. दहा-बारा वेळा खटपट करून माणूस कंटाळतो आणि आरसा सोडतो.

आरशासमोर न जमणारी ही कसरत जुलैच्या मध्यावर भंडारा जिल्ह्यातल्या करडीसारख्या गावात सहज बघायला मिळते. करडी हे मोहाडी तालुक्यातलं, वैनगंगेच्या पूर्वेकडचं गाव. सगळा पट्टा धानाचा. कोका अभयारण्याचं जंगल याच भागात, त्यामुळे पीक उभं राहिलं की रानडुकरांसाठी रात्रीची जागलही आलीच. पण ती पुढची गोष्ट. जुलैमध्ये पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हिरवेगार होऊन वाऱ्यावर डुलत असतात आणि बांधीत चिखलणीपुरतंही पाणी नसतं. पऱ्ह्यांचं वय तीन-साडेतीन आठवडे झालं की रोवणी व्हायला हवी. लांबली की पुढे फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1200 ते 1300 मिलिमीटर पाऊस पडतो; मराठवाड्यातल्या माणसाने हेवा करावा असा आकडा. धानाला मात्र वर्षाच्या बेरजेशी काही देणंघेणं नाही, त्याला त्या पंधरवड्यातलं पाणी हवं असतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असलेला माणूस आभाळाकडे बघतो, शेजारच्या बांधीत हाक देतो, ‘पानी येते का नाई गा?’ आणि त्याच्या भुवयांची आतली टोकं आपसूक वर गेलेली असतात. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, आणि ‘पुन्हा करून दाखवा’ म्हटलं तर त्यालाही जमणार नाही.

यामागची यंत्रणा मोठी गमतीची आहे. भुवयांच्या आतल्या टोकापाशी एक छोटासा स्नायू असतो, कॉरुगेटर. तो भुवया आत आणि खाली ओढतो. कपाळभर पसरलेला दुसरा स्नायू आहे फ्रंटॅलिस, तो वर ओढतो. एरवी हा आखडला की अख्खी भुवई उचलली जाते. काळजीत मात्र याचा फक्त मधला भाग आखडतो आणि त्याच वेळी कॉरुगेटर खाली खेचत असतो. या ओढाताणीत भुवया तिरप्या होतात आणि कपाळाच्या बरोब्बर मध्यावर, फक्त मध्यावर, आठ्या पडतात. चार्ल्स डार्विनने 1872 साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावमुद्रांवर पुस्तक लिहिलं, त्यात या स्नायूंना त्याने शोकाचे स्नायू म्हटलं. ते मुद्दाम हलवता येणारी माणसं थोडी असतात आणि ही हातोटी काही घराण्यांत उतरते, हेही त्याने टिपून ठेवलंय.

हा चेहरा इंग्रजांपुरताच आहे की सगळ्या माणसांचा, हे डार्विनला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी त्याने 1867च्या सुमारास जगभरातल्या मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना, ओळखीपाळखीच्यांना प्रश्नावली पाठवली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून जॉन स्कॉट नावाच्या गृहस्थाने दोन प्रसंग लिहून कळवले. ते वाचताना आपण विज्ञानाचं पुस्तक वाचतोय हे मी तरी विसरून गेलो.

पहिल्या प्रसंगात बागेतल्या एका माळ्याची कोवळ्या वयाची बायको आहे. पुस्तकात तिला ‘नागपूरची धांगर बाई’ म्हटलंय. वैदर्भीय वाचकाचे कान लगेच टवकारतात. पण त्या काळी कलकत्त्यात छोटा नागपूरहून आलेल्या उरांव मजुरांना धांगर म्हणत, तेव्हा हे नागपूर बहुधा आपलं नव्हे. तिचं तान्हं बाळ शेवटच्या घटका मोजत होतं. स्कॉट झाडांच्या आडून बघत होता. आतल्या टोकांशी उचललेल्या भुवया, जड झालेल्या पापण्या, कपाळाच्या मध्यावर आठ्या, किंचित उघडं तोंड आणि खाली ओढलेले ओठांचे कोपरे. आडोशातून बाहेर येऊन तो बोलला, तशी ती दचकली, धाय मोकलून रडली आणि ‘माझ्या बाळाला बरं करा’ म्हणून विनवू लागली. झाडाआडून हे टिपत बसलेल्या स्कॉटचा मला थोडा रागच येतो, पण ते असो.

दुसरा प्रसंग आजारपणाने आणि गरिबीने गांजलेल्या एका माणसाचा. लाडकी शेळी विकायची वेळ त्याच्यावर आली. पैसे हातात पडल्यावर तो कधी पैशांकडे बघे, कधी शेळीकडे. परत देऊन टाकावे की काय, अशा घालमेलीत. तो जवळ गेला तेव्हा बांधलेली शेळी मागच्या पायांवर उभी राहून त्याचे हात चाटू लागली. त्याची नजर सैरभैर झाली. शेवटी मनाचा हिय्या झाला, आणि नेमक्या त्या क्षणी, स्कॉट सांगतो, त्याच्या भुवया तिरप्या झाल्या, आतली टोकं फुगीर झाली; आठ्या मात्र पडल्या नाहीत. मिनिटभर तसाच उभा राहून त्याने उसासा सोडला, रडला, दोन्ही हात उंचावून शेळीला आशीर्वाद दिला आणि मागे वळून न बघता निघून गेला.

एका विकल्या गेलेल्या शेळीची कहाणी दीडशे वर्षं टिकली ती भुवयांच्या आतल्या टोकांमुळे.

डार्विनच्या याच पुस्तकात प्राचीन ग्रीक शिल्पकारांची एक चूकही नोंदलीय. लाओकून आणि त्याच्या मुलांना सापांनी विळखा घातल्याचं जगप्रसिद्ध शिल्प रोमच्या व्हॅटिकनमध्ये आहे. त्यातल्या बापाच्या भुवया तिरप्या आहेत, पण आठ्या कपाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्यात. खऱ्या कपाळावर असं होत नाही. शिल्पकाराने सौंदर्यासाठी सत्याला मुरड घातली असावी, असं डार्विनचं मत. ही फूटपट्टी हाती आली की एक वाईट खोड लागते, दुष्काळाच्या बातम्यांमधले फोटो तपासायची. भेगाळलेली जमीन, डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी, नजर आभाळाकडे. ‘काका, जरा वर बघा’ असं सांगून घेतलेला फोटो कपाळावरून ओळखू येतो. हात सांगितल्या जागी जातो, मान सांगितलेल्या बाजूला वळते. कपाळ मात्र कोरं राहतं.

शेतीच्या काळजीचा जगातला सगळ्यात गाजलेला फोटो डोरोथिया लँगने 1936 साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ काढला. वाटाण्याचं पीक गारठून गेलेलं, तोडणीला आलेले मजूर कामाविना अडकलेले. त्यांतल्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन या 32 वर्षांच्या बाईला लँगने राहुटीत टिपलं. मांडीवर तान्हं मूल, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली दोन पोरं, उजवा हात हनुवटीशी. पोरांचे चेहरे दिसत नाहीत आणि ती आपल्याकडे बघत नाही. ती चौकटीबाहेर कुठेतरी बघते, जिथे बघण्यासारखं काहीच नाही. पुढे लँगने त्या फोटोतला कोपऱ्यात आलेला एक अंगठा घासून पुसून टाकला. का, तर तो खटकत होता! एवढ्या मोठ्या काळजीच्या चित्रात एका अंगठ्याची काळजी.

चौकटीबाहेरच्या या नजरेतच काळजीचं चित्र अवघड होऊन बसतं. रडणाऱ्याच्या पुढ्यात कारण दाखवता येतं, मेलेलं माणूस किंवा पडलेलं घर. रागावलेल्याच्या समोर शत्रू उभा करता येतो. काळजीचं कारण अजून घडलेलंच नसतं, मग ते रंगवायचं कसं? अजिंठ्याच्या चित्रकाराने यावर जी तोड काढली, तिच्यासारखी दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

सोळाव्या क्रमांकाचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात खोदवलं. (वाकाटकांची दुसरी शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाला, म्हणजे आजच्या नगरधनला होती, भंडाऱ्याहून काही फार लांब नाही.) या लेण्यात एक चित्र आहे, त्याला इंग्रज अभ्यासकांनी ‘मरणोन्मुख राजकन्या’ असं नाव पाडलं. ती काही मरत नाहीये. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट घेऊन सेवक घरी आला, तो बघून नंदाची बायको कोसळलीय, असा तो प्रसंग. जे. जे. कला महाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून अनेक वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. या चित्रातल्या भावनेपुढे त्यांनी हात टेकले होते.

आता चित्रात काळजी कुठे आहे ते शोधा. राजकन्येच्या चेहऱ्यावर ती नाही. तिच्या पापण्या मिटू लागल्यात, मान कलंडलीय, ती काळजीच्या पलीकडे गेलीय. काळजी आहे ती तिला मागून सावरून धरणाऱ्या दासीकडे. एक जण तिचा हात हातात घेऊन तोंडाकडे निरखून बघतेय. मागची एक स्वतःच्याच छातीवर हात ठेवून बघतेय. एक पंख्याने वारा घालतेय आणि पांढरी टोपी घातलेला म्हातारा दारातून आत डोकावतोय. प्रत्येकाची नजर तिच्यावर खिळलेली, प्रत्येकाच्या मनात पुढे काय होणार हा एकच प्रश्न. चित्रकाराने काळजी एका चेहऱ्यावर न लादता खोलीभर वाटून टाकली.

हे एकदा दिसलं की सगळीकडे दिसू लागतं. स्कॉटने पाहिलेली ती बाई स्वतःसाठी थोडीच काळजीत होती? सतीश मनवर यांचा 2009 सालचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा चित्रपट घ्या. विदर्भातलं गाव, शेजाऱ्याने आत्महत्या केलेली. किस्ना या शेतकऱ्याच्या बायकोला धास्ती बसते की आपला नवराही तसं काही करून बसेल. मग ती पोराला त्याच्या मागावर ठेवते, सासूला लक्ष ठेवायला सांगते. गिरीश कुलकर्णी यांचा किस्ना पावसाच्या मागे आहे, आणि सोनाली कुलकर्णी यांची अलका किस्नाच्या. त्यात विनोदही आहे, कारण त्या बिचाऱ्याला कळतच नाही की सगळे आपल्याकडे असे का बघतायत. करडीच्या धुऱ्यावरही हीच साखळी असते. माणूस आभाळाकडे बघतो, घरची बाई त्याच्याकडे आणि पोरगं आईच्या तोंडाकडे.

कुत्राही यातून सुटलेला नाही, बरं का. भुवईचं आतलं टोक उचलणारा एक स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित झालेला असतो, लांडग्यांत तो जवळपास नसतो, असं ज्युलियान कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली दाखवून दिलं. माणसाच्या संगतीत हजारो वर्षं राहून कुत्र्याने काय मिळवलं, तर आपला काळजीचा चेहरा! तो बघून आपण विरघळतो आणि भाकरीचा तुकडा टाकतो. उलट शहरातली पैसेवाली माणसं भुवयांमधल्या रेषा घालवण्यासाठी बोटॉक्सची सुई टोचून घेतात. ती नेमका तो कॉरुगेटरच ढिला पाडते.

नाट्यशास्त्रात भरताने चिंतेचा हिशेब फार काटेकोर मांडलाय. आठ स्थायी भाव, 33 व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे भाव. चिंता या 33 मधली. शंका वेगळी, दैन्य वेगळं, वितर्क वेगळा. शोकाला करुण रस मिळाला, भयाला भयानक. चिंतेला स्वतःचा रस नाही, ती नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पाहुणी. तिची कारणं भरत देतो ती अशी: वैभव जाणं, आवडती वस्तू हिरावली जाणं, दारिद्र्य. अगदी सावकाराच्या ओटीवर बसून लिहिल्यासारखी यादी. शेळी विकणारा माणूस तर यातल्या दोन कारणांत चपखल बसतो. आणि नटाने ती दाखवायची कशी? उसासे, खाली घातलेली मान, एकटक विचार, वाळत गेलेलं शरीर. आपल्या चित्र-शिल्पपरंपरेने मात्र चिंतेचा मोठा वाटा नायिकांना देऊन टाकला. प्रियकर वेळेवर आला नाही म्हणून बेचैन झालेली विरहोत्कंठिता अष्टनायिकांमध्ये बसली आणि शतकानुशतकं रंगवली गेली. पऱ्हे करपतील म्हणून बेचैन झालेल्याला रंग-कुंचला लाभायला फार वेळ लागला. हा भेदभाव मला खटकतो.

हाताचं काय? गालावर किंवा कपाळावर हात ठेवून बसलेल्या पोराला घरातली म्हातारी माणसं आजही हटकतात, ‘असं बसू नये, अवलक्षण आहे.’ अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात बुद्धाचं महापरिनिर्वाण कोरलंय. भव्य पहुडलेली मूर्ती, आणि पायाशी बसलेल्या आनंद नावाच्या शिष्याने डोकं हातावर टेकवलंय. न्यूरेंबर्गचा चित्रकार ड्यूरर याच्या 1514 सालच्या ‘मेलंकोलिया’ या चित्रातली पंखवाली बाईही मुठीवर गाल टेकूनच बसलीय. डोकं जड झालं की माणूस त्याला टेकू देतो, सातारा असो की न्यूरेंबर्ग. सुतकात बसायची ही बैठक भरल्या घरात नको, एवढंच आजीला म्हणायचं असावं, असं मला वाटतं.

लेण्यांपासून शेकडो किलोमीटरवर असलेल्या धानपट्ट्याने काळजी दाखवायची स्वतःची रीत काढलीय, आणि ती चित्राहून दांडगी आहे. श्रावण अमावास्येला पोळा होतो. तोवर बहुतेकांची रोवणी उरकलेली असते आणि खोडकिडा, गादमाशी यांची भीती सुरू झालेली असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विदर्भात मारबत काढतात. गावोगावी पोरंसोरं आरोळ्या ठोकत शिवेकडे निघतात आणि घरातलं, गावातलं जे जे नकोसं ते सगळं मारबतीला सोबत न्यायला सांगतात. त्या यादीत रोगराई असते, खोकला असतो, ढेकूण आणि डासही असतात. नागपुरात तर काळी आणि पिवळी मारबत अशा दोन भल्यामोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका 1880च्या दशकापासून निघत आल्यात. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षीच्या डोकेदुखीचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, डेंग्यूचा बडग्या. जे अजून घडलेलं नाही ते रंगवायचं कसं, या अजिंठ्याच्या प्रश्नाला नागपूरकरांचं उत्तर असं की त्याला बांबू-कागदाचं अंग द्या, अक्राळविक्राळ तोंड द्या, ढोलताशे लावा, मनसोक्त शिव्या घाला आणि शेवटी जाळून टाका. कपाळावर आठ्या घेऊन हे करताच येत नाही. भरताच्या यादीत नसलेली एक गोष्ट इथे घडते: काळजीची टर उडवली जाते.

मग धान कापून होतं. कडपा वाळतो, पुंजणे लागतात, मळणी होते, आधारभूत खरेदी केंद्रावर माल जातो आणि चुकाऱ्यांची, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांची, वाट बघणं सुरू होतं. याच दिवसांत, दिवाळीनंतर, भंडारा-गोंदियाच्या गावांत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि रात्री नाटक लागतं. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांचं वेड. वडसा-देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचं माहेरघर. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो तो पहाटेपर्यंत चालतो. 2023 साली पद्मश्री मिळालेल्या परशुराम खुणे यांच्या नावावर या रंगभूमीचे सुमारे 5000 प्रयोग आहेत. शहरी समीक्षक या नाटकांना भडक म्हणून नाकं मुरडतात. त्यांनी एकदा शेवटच्या रांगेत बसून बघावं. समोर हजारो डोकी, थंडीची रात्र, शालीत गुरफटलेली म्हातारी माणसं. तिथून नटाची भुवई कुठली दिसायला? म्हणून मुलीच्या लग्नाच्या काळजीतला बाप अख्ख्या अंगाने काळजी करतो. येरझारा घालतो, कपाळावर हात मारून घेतो, मटकन खाली बसतो, दुपट्ट्याने तोंड पुसतो. सूक्ष्म अभिनय इथे पहिल्या चार रांगांत मरून जाईल.

रंगमंचावर सावकार दारात येतो तेव्हा मात्र प्रेक्षकांकडे बघायला हवं. ज्यांचे स्वतःचे चुकारे अडकलेत ती माणसं एका खोट्या बापासाठी श्वास रोखून बसलेली असतात, आणि पेट्रोमॅक्सचा काळ जाऊन हॅलोजन आले असले तरी त्या उजेडात पुढच्या रांगांमधल्या भुवयांची आतली टोकं स्पष्ट दिसतात. वराहदेवाच्या लेण्यातल्या दासी जशा बघतात, तसंच.

या सगळ्या मंडपात नाटकाकडे ढुंकूनही न बघणारी माणसं दोन-चारच. ती असतात तिकिटाच्या खिडकीपाशी. मंडळीला ठरलेली बिदागी द्यायची असते, मंडपाचे, लाइटचे, ध्वनिक्षेपकाचे पैसे निघायचे असतात, गावातल्या पोरांनी वर्गणी काढून आगाऊ रक्कम भरलेली असते. आणि अवकाळी पावसाचा काही नेम नसतो. आत सावकार गडगडाटी हसतो, टाळ्या पडतात, शिट्ट्या वाजतात. खिडकीतला पोरगा तिकिटांची थप्पी तिसऱ्यांदा मोजतो, मान बाहेर काढतो आणि वर बघून शेजारच्याला विचारतो, पाणी येईल का.